न केलेल्या चुकीची कबुली

घुसळताईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली तर त्या मागे वळूनसुद्धा बघत नाहीत. दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं असेल असं त्यांना वाटतं. औषधांच्या कारखान्यातल्या तपासणीच्या लॅबमध्ये त्यांना वीस वर्षं झाली, आणि त्यातली पहिली अठरा वर्षं त्यांनी जे काम केलं त्यावरून हे नाव पडलं. त्या बाटल्या हलवायच्या. खोकल्याचं औषध, पोटाचं औषध, लहान मुलांच्या तापाचं गुलाबी औषध, जे म्हणून तळाशी गाळ धरतं ते सगळं तपासण्याआधी एकजीव करावं लागतं. नाहीतर वरच्या थेंबात औषध कमी निघतं आणि खालच्या थेंबात जास्त. हलवायला तिथे मशीन होतं. पण मशीन हलवायचं ते पाट्या टाकल्यासारखं, आणि ताई हलवायच्या त्या जीव ओतून. उजवा हात खांद्यापासून सुटायचा. मोजून तीस झटके, आणि एकतिसावा आपल्या मनाचा.

माणसाच्या हाताला एकदा वळण लागलं की तो घर आणि नोकरी असा भेद करत नाही. ताई दुधाची पिशवी हलवून मग कापतात. शांपूची बाटली हलवतात. पाण्याची बाटलीही हलवून पितात, आता पाण्यात कसला गाळ बसतो ते त्यांनाच ठाऊक. एकदा नवऱ्याने त्यांच्या हातात सोड्याची बाटली उघडायला दिली. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छतावर त्या दिवसापासून एक मोठा पिवळट डाग आहे. नवरा बसच्या डेपोत वेळापत्रकं लावतो. शांत माणूस आहे, चिडत नाही. कुणी पाहुणे आले की तो त्या डागाकडे बोट दाखवून सांगतो, ही आमच्या हिची सही.

दोन वर्षांपूर्वी कारखान्याने नवी इमारत बांधली आणि तिच्यात प्रथिनांपासून बनवलेली औषधं सुरू केली. पातळ औषधांचा विभाग आटत चालला होता, म्हणून ताईंना नव्या लॅबमध्ये हलवलं. नवी लॅब म्हणजे थंडगार, पांढरीस्वच्छ, आणि इतकी शांत की कुणी पान उलटलं तरी ऐकू यावं. तिथले साहेब ताईंपेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान होते. उंच, हळू आवाजात बोलणारे. अडचण आली की चष्मा काढून पुसायची त्यांना सवय होती, त्यामुळे अडचण केवढी आहे ते काचा किती चकचकीत झाल्या त्यावरून कळायचं.

पहिल्याच दिवशी साहेबांनी ताईंना समजावलं की साधं औषध म्हणजे मिठाचा खडा. आपटा, कुटा, हलवा, मीठ ते मीठच राहतं. प्रथिनाचं तसं नाही. तो एक लांबच लांब धागा असतो आणि ठरावीक पद्धतीने घडी घातलेला असतो. सगळं काम ती घडी करते. तापवलं, गोठवलं, फेस येईपर्यंत हलवलं, तर घडी उसवते आणि उसवलेले धागे एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. डोळ्यांना दिसत नाहीत इतक्या बारीक. पण शरीराला त्या दिसतात. शरीर त्यांना शत्रू समजतं, मग त्या औषधाशीच भांडण काढतं, आणि पुढे चांगलं औषध दिलं तरी लागू पडत नाही. म्हणून अशा गुठळ्या शंभरात दोनपेक्षा जास्त चालत नाहीत.

"बाटली अशी धरायची ताई, की आत तान्हं बाळ झोपलंय," साहेब म्हणाले.

ताईंनी सांगितलं की त्यांचं तान्हं गदागदा हलवल्याशिवाय कधी झोपलंच नाही. सगळी लॅब हसली. ताईही हसल्या, पण तेवढ्यापुरत्या. अठरा वर्षं ज्या गोष्टीसाठी पाठ थोपटून घेतली तीच इथे पाप ठरली होती. पहिल्या आठवड्यात त्यांनी चार कुप्या हलवल्या, सगळ्या सरावाच्या होत्या म्हणून निभावलं. मग त्यांनी स्वतःच एक तोड काढली. डाव्या हाताला कसलीच सवय नव्हती, चांगली नाही आणि वाईटही नाही. त्याला शिकवायचं. दोन महिने त्या घरी डाव्या हाताने चहा ओतत होत्या, कुलपं उघडत होत्या, भाजी चिरत होत्या. बोटं कापली, कपबश्या फुटल्या, पण डावा हात तयार झाला. कुपी त्या हातात आली की ती नुसती घरंगळल्यासारखी एकदा इकडे, एकदा तिकडे कलायची. साहेबांनी कुपी कशी धरावी याचं सूचनापत्रक ताईंकडूनच लिहून घेतलं आणि भिंतीवर लावलं.

गुठळ्या मोजण्याचं मशीन ताईंना पहिल्यापासून आवडलं. त्यात वीतभर लांबीची पोलादी नळी असते, तिला कॉलम म्हणतात. नळीत बारीक मणी ठासून भरलेले असतात आणि त्या मण्यांना छिद्रं असतात. औषधाचा एक थेंब नळीत सोडायचा आणि मागून मिठाच्या पाण्याचा संथ रेटा द्यायचा. बाजारात एकटी गेलेली बाई प्रत्येक दुकानात डोकावते आणि उशिरा घरी येते. पाचजणी हातात हात घालून गेल्या तर कुठल्याच दारातून आत शिरता येत नाही, त्या सरळ रस्त्याने पुढे निघून जातात. तसंच इथे होतं. सुटे रेणू छिद्राछिद्रांत रेंगाळतात, गुठळ्या आधी बाहेर पडतात. पडद्यावर रेघ सरकत असते. आधी गुठळ्यांचं बुटकं टेकाड, मग चांगल्या औषधाचा उंच डोंगर. टेकाडाचं माप काढलं की कळलं. मशीनची देखभाल करणारे गृहस्थ ताईंच्याच वयाचे होते. पंपापासून पंख्यापर्यंत काहीही दुरुस्त करायचे म्हणून सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. त्यांनी ताईंना सहा महिन्यांत हे सगळं शिकवलं.

आता घरची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे जे झालं ते तिच्याशिवाय कळणार नाही. ताईंच्या सासूबाई कपडे शिवायच्या. एका अख्ख्या शाळेचे गणवेश त्यांनी वर्षानुवर्षं शिवले. मग सांध्यांचं दुखणं लागलं आणि बोटं आखडली. सहा वर्षं त्यांना स्वतःच्या सदऱ्याचं बटण लावता येत नव्हतं. रोज सकाळी ताई त्यांची बटणं लावायच्या, केस विंचरायच्या. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांनी पंधरा दिवसांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं, आणि खोक्यावर बघतात तर आपल्याच कारखान्याचं नाव. तीन महिन्यांत सासूबाईंची बोटं सुटली. त्यांनी शिलाई मशीनवरची चादर काढली आणि अशा शिवत सुटल्या की विचारू नका. उशांचे अभ्रे झाले, पडदे झाले, ज्यांनी मागितले नव्हते त्यांचेही झाले. मुलाच्या एका विजारीला त्यांनी तीनदा टीप घातली.

पण गेल्या दोन महिन्यांपासून दुकानांत ते इंजेक्शन मिळेना. दुकानदार पुढच्या आठवड्यावर बोट ठेवायचा. घरच्या फ्रिजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात एकच शिल्लक होतं. अशात एका सोमवारी त्याच औषधाची नवी बॅच ताईंच्या लॅबमध्ये तपासायला आली. ती पास झाली की दुकानं भरणार होती. ताईंनी घरी सांगितलं, आली एकदाची, चार दिवसांत सुटेल. सासूबाईंनी लगेच मुलाच्या कोटासाठी ठेवून दिलेलं राखाडी कापड बाहेर काढलं.

मंगळवारी सकाळी इस्त्री करताना ताईंच्या डाव्या हाताचा अंगठा भाजला. चांगला भाजला, फोड आला. पट्टी बांधून त्या कामाला गेल्या. पट्टीवर हातमोजा चढवल्यावर अंगठा वाकेना. मग उजव्या हाताने काम करण्यावाचून इलाज नव्हता. त्यांनी आधी स्टँडर्डची कुपी तयार केली. स्टँडर्ड म्हणजे आधीच तपासून ठेवलेलं, चांगलं म्हणून ठाऊक असलेलं औषध. मशीन ठीक चालतंय ना हे बघायला ते रोज आधी लावतात. मग नव्या बॅचची कुपी तयार केली. दोन्ही मशीनमध्ये ठेवल्या आणि त्या कागद भरत बसल्या.

दुपारी टेकाड आलं ते दोन पूर्णांक सातचं.

मिस्त्रींनी मशीन तपासलं, पंपाचा दाब बघितला, त्याच कुपीतला थेंब पुन्हा सोडून पाहिला. पुन्हा दोन पूर्णांक सात. साहेब चौकशीचा फॉर्म घेऊन आले. त्यात चाळीसेक प्रश्न असतात, नळीचा नंबर काय, पाणी कधी गाळलं, तराजू कधी तपासला. सगळं सुतासारखं सरळ निघालं. एकोणिसावा प्रश्न होता, नमुना सूचनेप्रमाणे तयार केला का. तिथे साहेबांची नजर ताईंच्या अंगठ्यावर गेली. त्यांनी चष्मा काढला आणि अगदी हळू विचारलं की कुप्या कुठल्या हाताने धरल्या होत्या.

"उजव्या," ताई म्हणाल्या.

प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे तीस झटके उभे राहिले. ताईंच्याही राहिले. त्यांनी आठवायचा खूप प्रयत्न केला. कुपी हातात घेतल्याचं आठवत होतं, ठेवल्याचं आठवत होतं. मधलं काही आठवत नव्हतं. रोजच्या कामातलं मधलं कुणाला आठवतं? पण अठरा वर्षांचा हात आणि सोड्याचा डाग, एवढा पुरावा असताना आठवायची गरज काय, असं त्यांना वाटलं. आपल्या हातून चांगली बॅच मातीमोल होतेय, सासूबाईंसारख्या हजारोजणी वाट बघतायत, आणि मी आठवत बसलेय. त्यांनी फॉर्म ओढून घेतला आणि लिहिलं, 'कुपी माझ्या हातून जोराने हलवली गेली. चूक माझी आहे.' खाली सही केली.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. लॅबची चूक सिद्ध झाली की तो आकडा रद्द होतो आणि ताजा नमुना तपासता येतो, असा नियम आहे. जो तो ताईंशी गोड बोलायला लागला. कुणी म्हणालं, होतं असं. कुणी म्हणालं, कबूल करायलाही धाडस लागतं. मिस्त्रींनी स्वतःच्या पैशाने कॉफी पाजली, ही त्या इमारतीतली पहिलीच वेळ. बुधवारी शीतगृहातून ताज्या कुप्या आल्या, साहेबांनी जातीने तयार केल्या आणि टेकाड आलं शून्य पूर्णांक नऊ. बॅच पास. शुक्रवारी दुपारी कागदांवर सह्या झाल्या की माल सुटणार होता. घरी ताईंनी झाली गोष्ट सांगितली तेव्हा नवऱ्याने छताकडे बघितलं आणि सासूबाईंनी कोटाचे खांदे कापायला घेतले.

चूक केली म्हणजे पुन्हा प्रशिक्षण आलंच. गुरुवारी ताईंना कुपी कशी धरावी याचं सूचनापत्रक मोठ्याने वाचायचं होतं आणि समजलं म्हणून सही करायची होती. पत्रक त्यांनीच लिहिलेलं. शेवटी लेखकाचं नाव आलं तेव्हा तेही त्यांनी वाचलं. मिस्त्री साक्षीला बसले होते, त्यांना हसू आवरेना. मग प्रात्यक्षिक. अंगठा अजून बरा नव्हता, म्हणून उजव्या हातानेच. ताईंनी आधी स्टँडर्ड घेतलं, मग सरावाची कुपी. नजर सगळा वेळ स्वतःच्या हातावर. हात नीट वागला. दोन्ही कुप्या सारख्याच चालीने कलल्या आणि ताईंच्या लक्षात आलं की दोन्ही वेळा हात एकच काम करतोय. आधी ही, मग ती, मध्ये अर्धं मिनिटसुद्धा नाही.

मग मंगळवारी काय झालं असेल?

त्या उठल्या आणि मंगळवारचे कागद काढले. स्टँडर्डचं टेकाड शून्य पूर्णांक सहा. स्टँडर्डचा थेंब सहा वेळा सोडतात, सहाही वेळा तेवढंच, रेघेवर रेघ बसलेली. तोच उजवा हात, तीच बाई, तीच सकाळ. हाताने नवी कुपी घुसळली असती तर स्टँडर्डला कशाला सोडलं असतं? त्या कुपीवर काय त्याची विशेष माया होती? ताई खुर्चीत बसल्या. म्हणजे मंगळवारचा आकडा खरा होता. म्हणजे बॅचमध्ये कुठेतरी खरंच गुठळ्या होत्या, आणि आपण न केलेली चूक कबूल करून तो आकडा पुसून टाकला होता.

खोटं कशाला सांगू, ताईंनी गप्प बसायचं ठरवलं होतं. पंधरा-वीस मिनिटं तो निश्चय टिकला. त्या वेळात त्यांनी आधीच धुतलेली काचेची भांडी पुन्हा धुतली. बुधवारचा नमुना पास झाला आहे, साहेबांच्या हातचा. सगळे खूश आहेत. फॉर्मवर आपलीच सही आहे, दुसऱ्या कुणाला विचारायचं कारण नाही. अंड्यांच्या कप्प्यात एकच इंजेक्शन उरलंय. कोटाचे खांदे कापून झालेत. मूग गिळून बसलं तर कुणाचं काय बिघडतं, असं स्वतःलाच त्यांनी विचारलं, आणि नको होतं ते उत्तर लगेच मिळालं. मंगळवारचा नमुना ज्या खोक्यातून आला त्यातली कुपी ज्याच्या वाट्याला येईल त्याचं बिघडतं. तो माणूस त्यांना दिसेना, पण त्याची बोटं दिसत होती.

साहेबांना हे ऐकून आनंद झाला असं कुणीच म्हणणार नाही. त्यांनी आठवण करून दिली की ताईंनी स्वतःच्या हाताने लिहून दिलं आहे. ताई म्हणाल्या, लिहिलं तेव्हा खरं वाटलं होतं, आता वाटत नाही. साहेब म्हणाले, एक कुपी हलवली आणि दुसरी नाही, असं होऊ शकतं की.

"हाताला लेबल वाचता येत नाही, साहेब," ताई म्हणाल्या. "हलवायचं असतं तर त्याने दोन्ही हलवल्या असत्या. मला आठवत नव्हतं, आणि आठवत नाही असं लिहायची लाज वाटली म्हणून मी हलवलं असं लिहिलं. माझी चूक असेल तर ती आहे."

साहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. तरुण असले तरी माणूस हाडाचा प्रामाणिक होता. ते म्हणाले की तर्कावर बॅच अडवता येणार नाही, करून बघावं लागेल. त्यांनी परवानगीचा कागद तयार केला. स्टँडर्डची एक कुपी ताईंनी सर्वांसमोर, उजव्या हाताने, जुन्या विभागात हलवायच्या तशी हलवायची आणि टेकाड किती येतं ते बघायचं.

ही बातमी जिन्याने खाली गेली आणि पातळ औषधांच्या विभागात उरलेले चौघेही वर आले. काचेपलीकडे गर्दी झाली. ताईंनी कुपी हातात घेतली. दोन वर्षं जो हात दावणीला बांधला होता तो आज परवान्याने मोकळा सुटणार होता, आणि हे सगळं इतकं गंभीर असूनही ताईंना आतून गुदगुल्या होत होत्या हे त्या आजही कबूल करतात. एक, दोन, तीन. दहाव्या झटक्याला टोपी कलली. विसाव्याला मिस्त्री दोन पावलं मागे सरकले. तीस झाले. एकतिसावा त्यांनी दिलाच. कुपीत वरपर्यंत फेस चढला होता. फेस बसेपर्यंत वाट बघून मिस्त्रींनी ती मशीनमध्ये ठेवली. पुढचा अर्धा तास कुणीही जागा सोडली नाही.

टेकाड आलं शून्य पूर्णांक सात.

मिस्त्रींनी पुन्हा मोजलं. तेवढंच. "ताई," ते म्हणाले, "एवढी घुसळण आणि हाती काय, नुसता फेस."

मग साहेबांनी समजावलं की या औषधात धक्के सोसायला एक पदार्थ राखणदार म्हणून घातलेला असतो, ट्रकमधून जायचं असतं ना. तीस झटके त्याने पचवले. सगळ्याच औषधांत तो पुरेसा नसतो, तेव्हा भिंतीवरचं पत्रक भिंतीवरच राहील. ताईंना हसावं की रडावं कळेना. दोन महिने डाव्या हाताने भाजी चिरली, बोटं कापून घेतली, आणि या औषधाला त्याचं सोयरसुतकही नव्हतं.

पण मग दोन पूर्णांक सात आले कुठून? नमुने कुठल्या खोक्यातून काढले त्याची वही आणली. मंगळवारचे होते शीतगृहाच्या दाराशेजारच्या खालच्या खोक्यातले. बुधवारचे मधल्या थप्पीतले. सगळे खाली गेले. दाराचं रबर एका कोपऱ्यात वाळून ताठ झालं होतं, तिथून बोटभर फट होती, आणि त्या फटीतून बाहेरची गरम हवा सरळ खालच्या खोक्यांवर येत होती. तापमापक लावला होता समोरच्या भिंतीवर, तो बिचारा मजेत गार होता. दाराजवळच्या पाच खोक्यांतल्या कुप्या शुक्रवारी सकाळी तपासल्या. दोन पूर्णांक चार, दोन पूर्णांक नऊ, तीन पूर्णांक तीन, पुढचे दोन आकडे साहेबांनी मोठ्याने वाचलेच नाहीत. कुठलं खोकं किती तापलं हे आता कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं. दुपारी बॅचच्या कागदावर शिक्का पडला तो नापासचा. नवीन बॅच बनून, मुरून, तपासायला यायला सहा आठवडे लागणार होते.

साहेबांनी ताईंचा कबुलीचा कागद फाडला नाही, तसा तो फाडता येतही नाही. त्यावर एक रेघ मारून बाजूला खुलासा लिहिला. ताईंना बोलावून एवढंच सांगितलं की मंगळवारी प्रश्न विचारायच्या आधीच आपल्याला उत्तर हवं होतं, आणि ते आपलं चुकलं. ताईंना हे अपेक्षित नव्हतं. त्यांना बरं वाटलं, पण घरी जायच्या विचाराने ते बरं वाटणं बसस्टॉपपर्यंतसुद्धा टिकलं नाही.

सासूबाई जेवणाच्या टेबलावर कापड पसरून खडूने रेघा मारत होत्या. ताईंनी पर्स खांद्यावर असतानाच सांगून टाकलं, कारण ती खाली ठेवली असती तर धीर सुटला असता. बॅच गेली. सहा आठवडे औषध नाही. आणि अडवली ती मीच, नाहीतर आज सुटली असती.

सासूबाईंनी खडू खाली ठेवला. कापडावरची खडूची भुकटी झटकली. नवरा दारात उभा होता. मग सासूबाईंनी विचारलं, "मला आलं असतं ते खराबच आलं असतं का?"

"सांगता येत नाही, आई. बरंचसं चांगलं होतं. तुम्हाला चांगलंच आलं असतं कदाचित."

"आणि खराब आलं असतं तर?"

"तर पुढे चांगलं देऊनही उपयोग झाला नसता. आणि मला ते माहीत असतं."

सासूबाईंनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते ताईंना कळलं नाही. त्यांनी कापडावर वाकून उरलेल्या रेघा मारल्या आणि हात चालतोय तोवर एक बाही शिवून टाकायची म्हणून मशीनवर जाऊन बसल्या.

शेवटचं इंजेक्शन संपल्यावर दोन आठवडे बरे गेले. तिसऱ्या आठवड्यात सुई हातातून गळायला लागली. चौथ्यात कात्री उचलेना. कोट एका बाहीवर थांबला आणि मशीनवर परत चादर आली. ताई पूर्वीसारख्या सकाळी अर्धा तास लवकर उठायला लागल्या. केस विंचरायचे, सदरा घालायचा, खालून वर एकेक बटण. लॅबमध्ये या दिवसांत त्यांचं फार कौतुक चाललं होतं. नव्या लोकांना दारापाशी नेऊन ती फट कुठे होती ते दाखवायचे. ताई तिथे थांबत नसत. सकाळी ती बोटं हातात घेतली की त्यांना कौतुक नकोसं व्हायचं.

सहा आठवडे झाले त्या सकाळी सासूबाईंना रात्रभर ठणका लागलेला होता. डोळे लाल झाले होते. ताई बटणं लावत होत्या तेव्हा त्या म्हणाल्या, "आज मला तुझा फार राग येतोय."

"येऊ द्या, आई."

"तू बरोबर केलंस ते कळतं मला. तरी येतोय."

ताईंचे डोळे भरले. त्यांनी ते लपवले नाहीत, दोन्ही हात बटणांत होते, पुसणार कशाने. त्यांनी पुढचं बटण लावलं.

"आज नवी येणार ना तपासायला?" सासूबाईंनी विचारलं.

"काल संध्याकाळीच आलीय. आज लावायची."

"पास कर गं तिला."

इतक्या दिवसांत असं त्यांनी पहिल्यांदाच मागितलं होतं. ताईंना हो म्हणावंसं फार वाटलं.

"झाली तर करीन, आई," त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, आणि मग वरच्या बटणापर्यंत हात पोचावा म्हणून हनुवटी वर केली.